'रिगोलेत्तो' नैरोबीत न्यायचा तर

प्रश्न थोडक्यात असा: इटालियन संगीतकार व्हेर्दीचा 'रिगोलेत्तो' हा ऑपेरा आजच्या नैरोबीत घडतो आहे असा चित्रपट करायचा आहे. मूळ गोष्ट अशी: मांटुआच्या लंपट ड्यूकचा विदूषक रिगोलेत्तो आपली मुलगी गिल्दा घरात लपवून ठेवतो, ड्यूक तिला नादी लावतो, बाप सूड म्हणून मारेकऱ्याला सुपारी देतो, आणि शेवटी गोणीत ड्यूकऐवजी गिल्दाच निघते. दिग्दर्शक केनियाचा, संगीताची जबाबदारी पुण्याच्या संगीतकाराकडे. मूळ संगीत ठेवायचं का, भाषा कोणती घ्यायची, आणि मांटुआचा ड्यूक नैरोबीत नेमका कोण, इथून सुरुवात करावी का? ऑपेराचे गायनानुवाद आणि चित्रपटांचं संगीत-संपादन यांत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

ड्यूक कोण हे सगळ्यात शेवटी ठरवा. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. ड्यूक म्हणजे मंत्री, दरबार म्हणजे नाइटक्लब, विदूषक म्हणजे स्टँड-अप कॉमेडियन, भाडोत्री मारेकरी आहेच. तासाभरात यादी तयार होते, सगळे खूश होतात, आणि पुढचे कित्येक महिने पटकथा जागची हलत नाही. शाळेच्या पेपरातल्या 'जोड्या जुळवा' प्रश्नासारखं ते काम आहे: मार्क मिळतात, गोष्ट मिळत नाही. त्याआधी दोन प्रश्न सोडवा. या गावात माणसं गातात कुठे आणि का? आणि कथेतल्या पात्रांना जे बांधून ठेवतं, ते आज तिथे कुणाला खरोखर बांधतं का?

पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात पक्कं उत्तर दक्षिण आफ्रिकेत मिळालं. केप टाउनबाहेरच्या खायेलित्शा वस्तीत घडणारा, खोसा भाषेतला, बिझेच्या 'कारमेन' या ऑपेराचं संगीत घेऊन केलेला 'यू-कारमेन इखायेलित्शा' हा चित्रपट 2005 साली बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन बेअर, घेऊन गेला. दिग्दर्शक मार्क डॉर्नफोर्ड-मे, कारमेन म्हणजे पॉलिन मालेफाने. त्या बाई खायेलित्शातच वाढलेल्या, आणि खोसा शब्द बसवण्यातही त्यांचा हात होता. बुलफायटर तिथे नाही, त्याच्या जागी वस्तीत परतलेला ऑपेरागायक आहे. पत्र्याच्या घरांमधून पूर्ण ताकदीचा ऑपेराचा आवाज उठतो आणि तरी खोटं वाटत नाही, कारण तो आवाज बाहेरून आणून लावलेला नाही. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात टॉनिक सोल-फा ही स्वरलेखनाची सोपी पद्धत तिथे नेली. चर्च, शाळा, कामगारांची वृंदगान मंडळं यांत ती मुरली आणि वृंदगानाच्या स्पर्धांमध्ये ऑपेराचे तुकडे गाणं ही तिथली जुनी रीत झाली. केप टाउनच्या मिश्रवंशीय कलाकारांच्या ईओआन ग्रुपने 1956 साली व्हेर्दीचाच 'ला त्राव्हियाता' उभा केला होता, तोही वर्णभेदाच्या अमलात. म्हणजे चित्रपटाने वस्तीला ऑपेरा शिकवला नाही. तिथे जे होतं त्यासमोर कॅमेरा ठेवला.

उलट वाटेने गेलेला चित्रपट सेनेगलचा. जोझेफ गाई रामाका यांचा 'कारमेन गेई' 2001 चा. कारमेनची गोष्ट घेतली, बिझेला घरी ठेवलं. डाकार आणि गोरे बेटावरची ही कारमेन वोलोफ आणि फ्रेंच बोलते, दुदू न्द्याय रोझ यांच्या ढोलवादकांवर नाचते, सोबत डेव्हिड मरे यांचा जॅझ सॅक्सोफोन. तिथे गाण्याचं कारण ढोल आहे, म्हणून ढोलच ठेवला. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर आहेत, फसतात ते मधले. म्हणजे तीन प्रसिद्ध आरिया (ऑपेरातली एकल गाणी) मूळच्या, बाकी स्थानिक पॉप, आणि वर थोडी व्हायोलिनं. प्रेक्षकाला दर दहा मिनिटांनी नव्याने ठरवावं लागतं की ही माणसं गातात का.

नैरोबीचं काय? तिथे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, पण शोध तुम्हाला घ्यावा लागेल. केनियातली चर्चमधली आणि शालेय संगीत महोत्सवातली गायनमंडळं तगडी आहेत, सोल-फा तिथेही मुरलेली आहे. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर मूळ संगीत ठेवलं असतं, आणि दरबारी मंडळींचा पुरुषवृंद नैरोबीतल्याच एखाद्या चर्चच्या वृंदातून उचलला असता. एकेकटे गायक कुठूनही आणता येतात. वृंद मात्र एकत्र श्वास घेणारा लागतो, आणि तो ऑडिशन घेऊन दोन आठवड्यांत तयार होत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी मेख इथेच आहे. कथा हलवायला घाबरू नका, ती जन्मापासूनच हललेली आहे. व्हिक्टर ह्युगोचं मूळ नाटक 1832 साली पॅरिसमध्ये एका प्रयोगानंतर बंद झालं, कारण त्यात फ्रान्सचा राजा लंपट दाखवला होता. व्हेर्दीने ते घेतलं तेव्हा व्हेनिसवर ऑस्ट्रियाची सत्ता होती. तिथल्या सेन्सॉरने हरकत घेतली, राजाचा ड्यूक झाला, पॅरिसचं मांटुआ झालं, आणि 1851 मध्ये ऑपेरा रंगमंचावर आला. गाव बदललं, नाव बदललं, पण व्हेर्दीने एक गोष्ट सोडली नाही: शाप. ऑपेराचं कामचलाऊ नावच 'ला मालेदित्सिओने', म्हणजे शाप, असं होतं. ज्याच्या मुलीची ड्यूकने अब्रू घेतली तो म्हातारा मोंतेरोने दरबारात येतो, रिगोलेत्तो त्याची नक्कल करून हशा मिळवतो, आणि म्हातारा दोघांना शाप देतो. नांदीत ब्रासवर जो एकच स्वर ठोके मारत येतो तो या शापाचा. पुढे रस्त्यात एकटा असताना रिगोलेत्तो 'त्या म्हाताऱ्याने मला शाप दिला' असं पुटपुटतो, तेही जवळजवळ त्याच स्वरावर.

युरोपात नव्या काळात बसवलेल्या प्रयोगांचं घोडं इथेच पेंड खातं. जोनाथन मिलर यांनी 1982 साली लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी हीच गोष्ट न्यूयॉर्कच्या इटालियन माफियात नेली. प्रयोग चोख होता, गाजलाही, पण शापाची भीती तिथे माफियाच्या भीतीतून उसनी घ्यावी लागते. तुम्हाला उसनवारीची गरज नाही. केनियात वडीलधाऱ्यांच्या शापाला वजन आहे. 1992 च्या मार्चमध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कात राजकीय कैद्यांच्या आया उपोषणाला बसल्या होत्या, पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई त्यांच्यासोबत होत्या. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराने हल्ला केला तेव्हा त्यांतल्या काही म्हाताऱ्या बायकांनी अंगावरचे कपडे उतरवले. मुलाच्या वयाच्या पोलिसांना आईने असं सामोरं जाणं हा तिथे शापच समजला जातो. ही गोष्ट नैरोबीत अजून सांगितली जाते.

म्हणून एक सुचवतो: मोंतेरोनेची आई करून पाहा. विवस्त्र दृश्य दाखवू नका, ते स्वस्त होईल आणि त्या बायकांचा अपमानही. ती नुसती पदराला हात घालते आणि हसणाऱ्या वृंदातली दोन-चार तरुण पोरं नकळत मान फिरवतात, एवढं पुरे. मात्र याची किंमत आहे. मोंतेरोने हा खालच्या पट्टीचा आवाज. बाई गायली की तो जड पाया जातो, शिवाय 'एका बापाने दुसऱ्या बापाला दिलेला शाप' हे प्रतिबिंबही जातं. पहिल्या नुकसानावर उपाय आहे. कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांतला सगळ्यात खालचा, आवाज घ्या आणि तिच्या ओळींखाली वृंदातले बास आवाज तोच स्वर नुसता धरून ठेवू देत. जे आत्ता तिला हसत होते त्यांच्याच गळ्यातून शापाचा स्वर निघतो. दुसऱ्या नुकसानावर उपाय नाही. दिग्दर्शकाने तोलून ठरवावं.

आता ड्यूककडे येऊ. ऑपेरात तो गरीब विद्यार्थ्याचं सोंग घेऊन गिल्दाला भेटतो, खोटं नाव सांगतो, आणि तो गेल्यावर गिल्दा त्या खोट्या नावावरच सगळी 'कारो नोमे' ही आरिया गाते. हातात मोबाइल असलेल्या मुलीला तो माणूस कोण हे शोधायला दोन मिनिटं पुरतात. आणि तुमचा ड्यूक राज्यपाल किंवा खासदार असेल तर निवडणुकीत त्याचा चेहरा नैरोबीच्या प्रत्येक खांबावर असणार. म्हणजे ड्यूक पुढारी असूच शकत नाही. ज्याच्या पैशाने पुढारी चालतात, ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक पण चेहरा फारसा कुणाला नाही, असा माणूस हवा. बघा, ड्यूक कोण हा तुमचा प्रश्न सुटला, आणि तो कथेनेच सोडवला.

याच धाग्यावर आणखी एक. ऑपेरात गिल्दाची सांभाळकर्ती जोव्हान्ना हिला ड्यूक पैशांची पिशवी फेकून गप्प करतो. नैरोबीत पैसे एम-पेसाने जातात. फोनवरून पैसे पाठवायची ही सेवा 2007 मध्ये सुरू झाली, आज भाजीवाल्यापर्यंत सगळे तीच वापरतात. आणि एम-पेसाने पैसे आले की मेसेजमध्ये पाठवणाऱ्याचं नोंदणीतलं नाव येतं. गिल्दा आतल्या खोलीत त्या खोट्या नावावर गाते आहे आणि बाहेर ओट्यावर जोव्हान्नाच्या फोनवर खरं नाव उजळतं. ती वाचते, फोन उलटा ठेवते आणि भाजी चिरायला घेते. एक शब्दही नवा लिहावा लागत नाही. मारेकरी स्पाराफुचिले मात्र रोखच घेईल, अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. मूळ संहितेतही त्याचा हिशेब असाच आहे.

गिल्दाबद्दल स्पष्ट बोलतो. पहिल्या अंकाच्या शेवटी तिला पळवतात, दुसऱ्या अंकात ती ड्यूकच्या खोलीत असते, आणि तिसऱ्या अंकात ती त्याच माणसासाठी जीव देते. पडद्यावर हे 'प्रेमाचा त्याग' म्हणून विकू नका. तिला बापाने घरात कोंडलं, ड्यूकने फसवलं. मरण ही तिच्या आयुष्यातली पहिली अशी गोष्ट आहे जी तिने कुणाला न विचारता ठरवली, या बाजूने गेलात तर ती उभी राहते. आणि 'तुत्ते ले फेस्ते' ही तिची कबुली ओबोच्या सुरावर सुरू होते तेव्हा फ्लॅशबॅक लावायचा मोह टाळा. मागच्या खोलीत काय घडलं ते कॅमेऱ्याने पाहायचं नाही. तिच्या चेहऱ्यावर थांबा, आणि बापाचा चेहरा फ्रेमबाहेर ठेवा.

शेवटची गोणी बदलू नका. पुण्या-मुंबईतल्या वाचकाला ती नाटकी वाटेल. पण 2022 च्या जानेवारीत पश्चिम केनियातल्या 'याला' नावाच्या नदीतून मृतदेह निघत असल्याच्या बातम्यांनी देश हादरला होता, काही गोण्यांत बांधलेले होते. नैरोबीच्या प्रेक्षकाला नदीकाठची गोणी ऑपेरातली वाटणार नाही. तेव्हा ती सांभाळून दाखवा.

आता 'ला दोन्ना ए मोबिले', ड्यूकचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं. सगळ्यांना सुचतं तेच तुम्हालाही सुचेल: हे गाणं मटाटूच्या स्पीकरवर वाजवू. नैरोबीच्या मटाटू बसेस त्यांच्या दणदणीत साउंड सिस्टिमसाठी नावाजलेल्या आहेत, दृश्य झकास होईल. पण थांबा. शेवटी रिगोलेत्तो गोणीसमोर उभा आहे, आत ड्यूकचं प्रेत आहे अशी त्याची खात्री आहे, आणि लांबून हेच गाणं ऐकू येतं. त्यावरून त्याला कळतं की ड्यूक जिवंत आहे. हे गाणं आधी एकदा जरी रेकॉर्डवर वाजलं, तर लांबून ऐकू येण्याने काहीच सिद्ध होत नाही, कुणीतरी रेडिओ लावला असेल. सगळ्या कथेचा उलगडा एका आवाजावर टांगलेला आहे, म्हणून तो आवाज प्रत्येक वेळी माणसाच्या गळ्यातूनच आला पाहिजे. मटाटूत बेंगा हे केनियाचं गिटारवरचं संगीत वाजू दे, हिपहॉप वाजू दे, हे गाणं नको.

भाषा: स्वाहिली घ्या, दरबाऱ्यांच्या तोंडी शेंग मिसळू द्या. ही नैरोबीच्या रस्त्यावरची मिश्र बोली आहे आणि टवाळीला तिच्याइतकी धार दुसऱ्या कशाला नाही. स्वाहिली इथे फार उपकारक आहे, कारण तिच्यात शब्दाचा आघात उपांत्य अक्षरावर पडतो आणि इटालियन ओळींचा सगळ्यात नेहमीचा शेवटही तसाच असतो. खोसासारखे स्वराघातही तिला नाहीत, त्यामुळे चाल वर गेली म्हणून अर्थ बदलण्याची धास्ती नाही. अडचण आहे ती आघाती शेवटांची. 'ला दोन्ना ए मोबिले'तल्याच चार ओळींचे शेवट पाहा: 'मोबिले'त आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर, 'व्हेन्तो' आणि 'आच्चेन्तो'त उपांत्य, आणि धृपदाच्या टोकाच्या 'पेन्सिएर'मध्ये थेट शेवटच्या अक्षरावर. मधल्या दोन स्वाहिलीत आपसूक बसतील. पहिलीसाठी अरबीतून आलेल्या मोजक्या शब्दांकडे जावं लागेल. चौथीसाठी ओळीच्या टोकाला एकाक्षरी शब्द हवा, 'तु' किंवा 'जे' असा. असे शब्द कमी आहेत, त्यांची यादी आधी करा आणि व्हेर्दीने जिथे सूर ठोकून संपवला आहे त्या जागांसाठी राखून ठेवा. तुमच्या पुण्याच्या संगीतकाराला हे मुद्दाम सांगा. तयार चालीवर पदं बांधायची सवय आपल्या संगीत नाटकाला किर्लोस्करांपासून आहे आणि मराठी कान त्यात तरबेज असतो, पण मराठीत शब्दाचा आघात इतका कडक नसल्याने चुकीच्या अक्षरावर पडलेली सम आपल्याला खटकत नाही. मोम्बासाच्या माणसाला लगेच खटकेल.

वाद्यमेळ पूर्ण ठेवणं परवडणार नाही, आणि तशी गरजही नाही. केप टाउनच्या वस्त्यांतल्या कलाकारांनी रंगमंचावर मोझार्टचा 'जादूची बासरी' हा ऑपेरा मारिंबांवर, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या वाद्यांवर, वाजवून दाखवला आहे. पण मारिंबाचा सूर चटकन विझतो. लांब धरलेल्या सुरावलीला तिथे एकतर काठ्यांचा रोल लागतो, नाहीतर ती वृंदाला द्यावी लागते. नैरोबीत तुम्हाला त्याहून नेमकं वाद्य मिळेल: ओरुतु, लुओ लोकांचं एकतारी गजवाद्य. रिगोलेत्तो आणि स्पाराफुचिले पहिल्यांदा भेटतात तेव्हा मूळ वाद्यमेळात एकटा चेलो आणि एकटा डबल बास दबक्या आवाजात चाल धरतात आणि वरून दोघे जवळजवळ बोलल्यासारखे गातात. ती चाल ओरुतुला द्या, बास तसाच ठेवा. हे एवढं एकच करा. सगळीकडे स्थानिक वाद्यं पेरलीत तर पर्यटन खात्याची जाहिरात होईल. वादळाला वाद्यं लावूच नका, व्हेर्दीने वाऱ्यासाठी पडद्यामागे पुरुषवृंदाला तोंड मिटून गुणगुणायला लावलं आहे, तेच ठेवा.

ध्वनिमुद्रणाबाबत माझं मत ठाम आहे. आधी रेकॉर्ड करून ओठ हलवण्यात आपण भारतीय वस्ताद आहोत, पण ऑपेरात ते उघडं पडतं. तान घेण्याआधीचा श्वास, बरगड्यांची हालचाल, मानेवरची शीर हे अभिनयाने जमत नाही. 1954 च्या 'कारमेन जोन्स'मध्ये डोरोथी डँड्रिज स्वतः गायिका, तरी स्टुडिओने मॅरिलिन हॉर्नचा आवाज लावला. आज तो चित्रपट पाहताना गाणं सुरू झालं की डँड्रिजचं अंग बाजूला पडतं. तुम्ही गायकाच्या कानात पियानो द्या, आवाज जागेवर घ्या, वाद्यं नंतर भरा. पियानोवादक सेटवरच बसवा, म्हणजे गायक थांबला तर तोही थांबेल. मार्च ते मे नैरोबीत मोठा पाऊस असतो, पत्र्यावर तो पडला की सगळं मुद्रण वाया, तेव्हा चित्रीकरण जानेवारी-फेब्रुवारीत किंवा जुलै ते सप्टेंबर. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1,800 मीटरवर आहे. मोम्बासाहून किंवा परदेशातून गायक आणलेत तर आल्या आल्या त्यांना लांब ओळी गायला लावू नका.

कापाकापी: दोन तासांचं संगीत पडद्यावर शंभर मिनिटांत आणावं लागेल. दुसऱ्या अंकातली ड्यूकची 'पोसेंते आमोर' ही कॅबालेत्ता, म्हणजे आरियाचा शेवटचा जलद भाग, रंगमंचावरही वर्षानुवर्षं गाळली जात होती, ती पहिली जाऊ दे. रिगोलेत्तोच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्याचकडून शिडी धरवून घेतात तो प्रसंग कॅमेऱ्यापुढे हास्यास्पद होतो, तिथे वीज घालवा. नैरोबीत ती जातेच. तिसऱ्या अंकातल्या चौकडीला हात लावू नका. भिंतीच्या आत दोघं, बाहेर दोघं, चौघं एकाच वेळी वेगवेगळं गात आहेत. रंगमंचावर ते एका नजरेत दिसतं, तुम्ही मात्र चेहऱ्यांमध्ये कट मारायला जाल. नका मारू. पत्र्याची भिंत फ्रेमच्या मधोमध ठेवा आणि शॉट जितका लांबवता येईल तितका लांबवा.

राहिला सेन्सॉर आणि हक्क. केनियात चित्रीकरणाचा परवाना आणि नंतर वर्गीकरण मंडळाचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं. 2018 साली 'रफिकी' या केनियन चित्रपटावर बंदी आली आणि कोर्टाने ती तेव्हा फक्त सात दिवसांपुरती उठवली, हे दिग्दर्शकाला ठाऊक असणारच. राजकारण्यांवरच्या टोचणीबद्दल सावध राहा. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं कामिरिथू गावच्या खुल्या नाट्यगृहातलं गाणी-नाचांनी भरलेलं किकुयू भाषेतलं नाटक 1977 मध्ये बंद पाडलं गेलं आणि वर्षाअखेर न्गुगी तुरुंगात गेले. आता तो काळ नाही, तरी स्थानिक वकील पटकथेच्या टप्प्यावरच घ्या. व्हेर्दी 1901 मध्ये गेला, त्यामुळे मूळ संगीत आणि संहिता मोकळी आहे. पण 1980 च्या दशकात छापलेल्या चिकित्सक आवृत्तीवर संपादनाचे हक्क असू शकतात, म्हणून पियानो-प्रत जुन्या, हक्क संपलेल्या छापील आवृत्तीवरूनच तयार करा. स्वाहिली शब्द ही नवी निर्मिती आहे, त्यांचे हक्क अनुवादकाचे असतील. त्याच्याशी करार पहिल्या तालमीच्या आधी करा, कारण तालमीत गायक शब्द बदलणार, आणि बदललेला शब्द कुणाचा यावरून नंतर भांडणं होतात.